दुसरा शेक

३ मार्च

दादा,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणाला असतास, टाचणीला काहीतरी हवंय. हवंच आहे. म्हणून सरळ 'दादा' लिहिते आणि सरळच मागते. मला एक सुरी करायची आहे आणि तिच्यासाठी पोलाद कोणतं घ्यावं ते कळत नाही.

पत्र फाडणार असशील तर फाड, पण सोबतच्या पुडीतले दोन तुकडे टाकू नकोस. तुझ्या त्या चाचणीखोलीत यंत्र आहे म्हणे, पोलादाचा कडकपणा आकड्यात सांगणारं. तुझा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस.

अकरा वर्षांपूर्वीचं या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसले आहे. तू घडवलेली सुरी तुटली, कँटीनच्या स्वयंपाक्याच्या गालाला सात टाके पडले, बाबा गिऱ्हाइकांसमोर तुला बोलायचं नव्हतं ते बोलले आणि तू भट्टी तशीच जळती ठेवून निघून गेलास. बघ, काढलंच. आता पुन्हा काढणार नाही.

सुरी आईसाठी आहे. तिच्या उजव्या हातातलं बळ गेलं. हिवाळ्यात एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि ती कपाकडे बघत राहिली, जणू कपानेच आगाऊपणा केला. आता चालते, बोलते (जरा जास्तच बोलते), पण मूठ घट्ट होत नाही. डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहा. तिने ठरवलं, भाजी आपणच कापायची. मी कापायला बसले की समोर खुर्ची ओढून बसते. "हे गाजर कापलंस की सरपण फोडलंस?" असं विचारते.

बाजारातून चकचकीत सुरी आणली. आठ दिवसांत तिची धार गेली. धार गेली की जोर लावावा लागतो, आणि आईकडे नाही तो नेमका जोरच. तिने टोमॅटोवर सुरी दाबली, तो चेपला आणि तिच्या साडीवर उडाला. ती हसली नाही. सुरी खाली ठेवून म्हणाली, "राहू दे, तूच काप." आई 'राहू दे' म्हणाली, दादा. तुला कळेल मी पत्र का लिहिलं.

दुकान मी चालवते, बाबा गेल्यापासून. फक्त धार लावायचं. शिंप्यांच्या कात्र्या, खानावळीच्या सुऱ्या. धार मला चांगली कळते. धार ज्यावर बसते ते मात्र मला कळत नाही, ते तुमचं दोघांचं खातं होतं. ऐरणीच्या मागे दोन पट्ट्या सापडल्या. एकीच्या टोकाला पिवळा रंग आहे. दुसरीवर बाबांनी खडूने लिहिलंय, 'गंजत नाही'. दोन्हींचा एकेक तुकडा पाठवते आहे. कोणती घेऊ?

टाचणी


१९ मार्च

दादा,

पुडी परत आली! मी दारातच उघडली, कुरिअरवाला सही मागत उभा राहिला. दोन्ही तुकड्यांवर तीन-तीन बारीक ठिपके, सुईने टोचल्यासारखे, आणि एका कपट्यावर दोन आकडे. बाकी अक्षर नाही. पण नऊ तू अजून तसाच काढतोस, शेपूट ओळीच्या खाली लोंबणारा. आईला दाखवला. तिने कपटा चष्म्याच्या डबीत ठेवला आहे.

ते ठिपके मी भिंगातून पाहिले. म्हणजे यंत्र हिऱ्याचं टोक पोलादात दाबतं आणि किती खोल गेलं ते मोजतं, असंच ना? खोल गेलं तर मऊ, उथळ राहिलं तर कडक. इतकं साधं! मला वाटलं होतं आत काही किरणं वगैरे सोडत असतील.

मग प्रश्नच प्रश्न पडले. जितकी कडक तितकी धार टिकते, हे दुकानात रोज बघते. मग सगळ्याच सुऱ्या कडकातल्या कडक का करत नाहीत? याचं उत्तर मला पुस्तकात नाही, आईकडे मिळालं. एक अख्खा दिवस मी तिच्यामागे वही घेऊन फिरले. ती सुरी कशी वापरते त्याची नोंद केली. वाच:

सुरी ओली तशीच ओट्यावर ठेवली, नऊ वेळा. कापलेला कांदा फळीवरून सुरीच्या धारेनेच आडवा खरवडून पातेल्यात लोटला, प्रत्येक वेळी. डब्याचं झाकण सुरीच्या टोकाने उचकटलं, दोन वेळा. मी "आई!" म्हणाल्यावर "तुझे बाबा कुठे बघतायत," असं उत्तर, एक वेळ. सुरी हातातून फरशीवर पडली, तीन वेळा.

ही शेवटची नोंद मी तिला वाचून दाखवली नाही.

तर आता कोडं असं आहे. धार टिकायला कडक हवी, कारण तिच्याकडे जोर नाही. पण फार कडक केली तर पहिल्यांदा पडेल तेव्हा टोक उडेल, आणि खरवडण्याने धारेचे टवके निघतील. मऊ केली तर पडून वाकेल, तुटणार नाही, पण पुन्हा टोमॅटो साडीवर. शिवाय ती सुरी पुसणार नाही, म्हणजे न गंजणारं पोलाद हवं. पण त्या पोलादाला आपल्या भट्टीला झेपणार नाही इतका ताप लागतो म्हणतात. खरं का?

एक गंमत सांगायची राहिली. मी भट्टी पेटवली. अकरा वर्षांनी! आधी चिमणीतून पाखरांची दोन घरटी काढावी लागली, मोकळी होती. पिवळ्या पट्टीचा तुकडा तापवला आणि लोहचुंबक धरून बघत राहिले. लाल होतो, अजून लाल होतो, चुंबक चिकटतोच, आणि मग एका क्षणी चिकटतच नाही. लोखंडच ते, पण चुंबकाला ओळख देत नाही! मी चार वेळा करून बघितलं. आईला खुर्चीसकट आणून दाखवलं. ती म्हणाली, "तुझा दादा सात वर्षांचा असताना असाच नाचला होता."

तुला आठवतं?

टाचणी


८ एप्रिल

दादा,

यावेळी कपट्यावर पाच शब्द आहेत. 'पिवळं घे. पुसायला तू आहेस.'

मी ते मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "बरोबर आहे. मी का पुसू?" तेव्हा तेही ठरलं. माझ्या लक्षात आलं ते असं, चुकत असेन तर सांग. ते दुसरं पोलाद गंजत नाही, पण त्याचा ताप डोळ्यांनी धरता येत नाही, आणि बोथट झालं की दगडावर तासभर घासा. पिवळं साधं आहे. त्यात कार्बन आहे, बाकी फारशी भर नाही. दोन मिनिटांत दगडावर धार येते, आणि पातळ धारही धरून राहतं. गंज हा स्वभाव आहे, पण रोज पुसणारं माणूस घरात आहे. म्हणजे तू पोलाद बघून नाही निवडलंस, घर बघून निवडलंस.

आणि मागच्या बाजूला लिहिलेलं 'तेल गरम केलं होतंस?' हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, कपटा आईच्या डबीतून काढताना. म्हणजे भट्टी पेटवल्याचं वाचूनच तुला शंका आली! नव्हतं केलं. पहिला तापवलेला तुकडा थंड तेलात बुडवला, 'टिक' असा आवाज झाला आणि तडा गेला. मग तेल हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम केलं. आता तडकत नाही. पण पातं केळ्यासारखं वाकतं. तीन पाती केली, तिन्ही वाकडी. एक तर इतकं वाकडं की आईने विचारलं, हे कशाचं साल सोलायचं आहे.

पण मोठा शोध पुढेच आहे. तेलातून काढलेलं पोलाद काचेसारखं असतं, हे ऐकून माहीत होतं. परवा एक तुकडा शेगडीच्या कडेवर आपटला, दोन झाले. हातोडा नाही, नुसता आपटला! आणि त्याचाच भाऊ, तसाच तेलातून काढलेला, पण नंतर ओव्हनमध्ये दोनदा शेकलेला, तो पकडीत धरून पिळला तर लवतो, परत येतो, मग कुठे मोडतो. घरच्या ओव्हनच्या तापाने! पाव भाजायच्या तापाने! कडकपणातलं थोडंसं द्यायचं आणि चिवटपणा घ्यायचा. हे असं का होतं ते मला कुणीतरी सांगा.

तेव्हा मी चार तुकडे चार तापांवर शेकले. प्रत्येकाला दोन शेक, दोन-दोन तासांचे. एक फिकट पिवळा झाला, दुसरा वाळल्या गवताचा, तिसरा तपकिरी, चौथा जांभळट. ओव्हनच्या खुंटीवरचा आकडा खोटं बोलतो, वीस अंश जास्त दाखवतो. आत वेगळा तापमापक ठेवला तेव्हा कळलं. चारही पाठवते आहे. माझा अंदाज, आईला अठ्ठावन्न ते एकोणसाठ लागेल. बाजारातल्या सुरीहून बरीच कडक, पण तू घडवायचास त्या एकसष्टच्या सुऱ्यांहून दोन पायऱ्या खाली. ती पाडणार, हे धरूनच चालू या.

ओव्हन तोच आहे. आईचा, पांढरा, दार नीट न लागणारा. एका वेळी सहाच पाती मावायची, आणि प्रत्येक शेकानंतर मुठीकडच्या टोकावर खडूची एक रेघ ओढायची, दोन रेघा झाल्या की पातं धार लावायला मोकळं. ते काम माझं होतं. त्या शेवटच्या बारा पात्यांच्या दिवशीही मीच होते. तू आणि बाबा माल पोचवायला गेला होतात. त्या दिवशी माझी मैत्रीण आली होती, त्यामुळे थोडी धावपळ झाली, पण सगळं झालं होतं.

हे का लिहिलं कोण जाणे. ओव्हनवरून आठवलं.

टाचणी


२८ एप्रिल

दादा,

आकडे मिळाले. बासष्ट, साठ, अठ्ठावन्न, छप्पन्न. तपकिरी तुकडा अठ्ठावन्न, माझा अंदाज लागला! आणि तू त्याच्याखाली रेघ ओढली आहेस. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. मला हे पत्र इथेच संपवता आलं असतं.

आता नीट वाच.

मोडलेल्या पोलादाचा चेहरा बघायला मी शिकले. ताप जास्त झाला तर मोडलेली बाजू साखरेसारखी दिसते, दाणे चमकतात. ताप बरोबर असेल तर ती राखाडी, मऊ, रेशमासारखी दिसते, दाणा दिसतच नाही. मी मुद्दाम दोन तुकडे वेगवेगळ्या तापावर नेऊन मोडले. आंधळ्यालाही कळेल इतका फरक.

बाबा तुला काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. "तुझ्या डोळ्यांना रंग कळत नाही. पोलाद जाळलंस तू. भट्टीपुढे उभं राहायची तुझी लायकी नाही." सुरी ठिसूळ निघाली म्हणजे ती जास्त तापवली, असं त्यांनी धरलं. मोडलेल्या तुकड्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. रागावले की ते माणसाकडे बघायचे, वस्तूकडे नाही. तूही पाहिला नसशील, तुला कुणी पाहू दिलं नाही.

तो तुकडा माझ्याकडे आहे. स्वयंपाक्याकडून आणलेल्या फडक्यातून मी काढून घेतला होता आणि बटणांच्या डब्यात टाकला होता. का घेतला, तेव्हा मला सांगता आलं नसतं. काल तो भिंगाखाली धरला. दादा, तो रेशमासारखा आहे. एक दाणा दिसत नाही. माझ्या एकाही तुकड्याचा चेहरा इतका सुंदर आलेला नाही.

मैत्रीण आली नव्हती. कुणीच आलं नव्हतं. पहिल्या सहा पात्यांचे दोन शेक झाले तोवर दुपारचे दोन वाजले होते. पुढच्या सहांचे अजून चार तास. मला कंटाळा आला. इतकंच. मी त्या सहा पात्यांवर दोन-दोन रेघा ओढल्या, त्यांना ओव्हन दाखवलाही नाही, आणि सिनेमाला गेले. सिनेमाही भिकार होता. मला वाटलं, सहा काय नि बारा काय, पोलादच तर आहे.

सुरी तुटली तेव्हा मला कळलं होतं, त्याच क्षणी. बाबा बोलत होते आणि मी दारात उभी होते. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता तू गेलास. मग मी एक सोय करून घेतली. म्हटलं, दादानेही ताप थोडा जास्त दिला असेल. अर्धी चूक त्याची, अर्धी माझी. त्या अर्ध्यावर मी अकरा वर्षं काढली. आता तुकडाच सांगतो आहे की तुझी काहीच नव्हती. सगळी माझी.

बाबा गेले तेव्हाही सांगितलं नाही. तू दारापर्यंत येऊन परत गेलास, मी खिडकीतून पाहिलं.

पत्ता मला त्या स्वयंपाक्यानेच दिला. त्याच्या सुऱ्यांना मीच धार लावते. फेब्रुवारीत म्हणाला, "तुमचा भाऊ दरवर्षी येतो मला भेटायला. पाच मिनिटं बसतो, गालाकडे बघतो, जातो. अहो, मी कधीच विसरलो, त्यालाच विसरता येत नाही." ते ऐकून मी तुला पत्र लिहायला बसले. आणि लिहिलं काय, तर सुरी. तेही खरंच होतं, आईला सुरी हवीच आहे. पण फक्त तेवढंच नव्हतं.

तू रंग बघायचं सोडून यंत्राकडे गेलास. ते माझ्यामुळे. तुझे डोळे कधीच चुकले नव्हते. तुकडा पाठवते आहे. मोज, मोड, काय वाटेल ते कर. सोबत पिवळ्या पट्टीची उरलेली लांबीही ठेवली आहे. माझ्याकडून सरळ पातं होत नाही. तुला आईसाठी करावंसं वाटलं तर कर. नाही वाटलं तर परत पाठव, मी चौथं वाकडं करीन.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण म्हणायचं तेच आहे.

टाचणी


१६ मे

दादा,

तुझ्याकडून काही आलेलं नाही. येईल असं धरून लिहीत नाही. आईला सांगितलं, ते तुला कळवायला लिहिते.

ती वाटाणे सोलत होती, डाव्या हाताने. मी सगळं सांगितलं, सिनेमासकट. तिने अर्धी टोपली होईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "माझा मुलगा अकरा वर्षं परक्या गावात एकटा जेवतोय. आणि तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस." दोन दिवस तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही, स्वतः केला, अर्धा सांडला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साखर कमी पडते मला. कर तू." राग गेलेला नाही, पण चहा सुरू झाला आहे.

काल विचारत होती, त्या तुकड्याचा चेहरा कसा होता म्हणून. मी म्हटलं, रेशमासारखा. म्हणाली, "तुझ्या बाबांनी एकदा बघायला हवा होता." मग बराच वेळ बाबांवर रागावून बसली. ते बरं वाटलं, तेवढा वेळ माझी सुटका झाली.

मी स्वयंपाक्यालाही सांगितलं. तो गाल चोळत राहिला आणि म्हणाला, "सिनेमा कुठला होता?" मी नाव सांगितलं. "तो तर मी पण पाहिला. खरंच भिकार," म्हणाला आणि हसायला लागला. मला हसता आलं नाही. जाताना एवढंच म्हणाला की यंदा तुमचा भाऊ आला की चहा पाजीन, गाल दाखवणार नाही.

मुठीचं काम चालू आहे. मऊ मेणाचा गोळा आईच्या उजव्या हातात दिला आणि सुरी धरल्यासारखी मूठ मिटायला लावली. बोटांचे ठसे उमटले, करंगळीचा फारच फिका. त्या मापाचं जाड लाकूड तासते आहे. करंगळी जिथे दाबत नाही तिथे थोडं फुगीर ठेवलं आहे, म्हणजे सुरी स्वतःच तिच्या हातात टेकेल. पातं नाही आणि मूठ तयार. घोड्याआधी लगाम.

टाचणी


७ जून, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं

दादा,

ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले आहे. घड्याळ समोर ठेवलं आहे. वेळ वर मुद्दाम लिहिली.

पुडी साडेबाराला आली. लांबट होती, त्यामुळे आत काय असेल ते आधीच कळलं. आत तेलकट कागद आणि त्यात पातं. सरळ! टेबलाच्या कडेला लावून पाहिलं, एक केस जाईल एवढीही फट नाही. पातळ, बेताच्या लांबीचं, टोकाला किंचित गोल केलेलं. डब्याची झाकणं उचकटणाऱ्या बाईसाठी केलेलं टोक आहे ते, मी लगेच ओळखलं. माझी नोंद तू नीट वाचलीस.

मग मी सवयीने ठिपके शोधले. दोन्ही बाजू पाहिल्या, मुठीकडचं टोक पाहिलं, भिंग आणलं. एकही ठिपका नाही. आणि कपट्यावर: 'मोजलं नाही. रंग बघून दिलंय.'

दादा, हे मी चार वेळा वाचलं. तू कुठली भट्टी पेटवलीस? कुणाच्या आवारात? अकरा वर्षांनी! चुंबक धरलास की नुसतं बघितलंस? नुसतं बघितलं असशील. असशीलच. मी आईला म्हटलं, बघ, मोजलं नाही म्हणतोय, आणि ती म्हणाली, "मग काय मोजायचंय त्यात," आणि तोंड फिरवून बसली. तिला रडू लपवायचं असलं की ती भिंतीकडे बघते, तुला माहीत आहे.

आणि मग कपट्याची दुसरी बाजू. यावेळी मी लगेच उलटून बघितली. पात्यावर एकच खडूची रेघ का, हे तिथे लिहिलं होतं. 'एक शेक दिला. दुसरा तुझा.'

दोन चाळीस

आत तापमापक ठेवला आहे. खुंटीच्या आकड्यावर विश्वास ठेवलेला नाही, वीस अंश वाढवले आहेत. ताप स्थिर आहे. पात्यावर गवती रंग हळूहळू गडद होतो आहे. दार उघडून बघायचा मोह होतो, पण उघडलं तर ताप जाईल. काच धुरकट आहे, आज सकाळी घासायला हवी होती.

मघाशी दुकानाची घंटा वाजली. शिंपी होता. मी इथूनच ओरडले, "चार नंतर या!" तो म्हणाला, "आत काय चाललंय?" आई म्हणाली, "शिक्षा." मग थोड्या वेळाने मलाच हळूच म्हणाली, "शिक्षा नाही गं. त्याने तुझ्यावर सोपवलंय." मी तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर घड्याळावरची नजर गेली असती.

तीन पंचवीस

आई उठलेली नाही. मी म्हटलं, पडायला जा, दुपारची वेळ आहे. म्हणाली, "तू उठलीस तर?" मी म्हटलं, नाही उठणार. म्हणाली, "तरी मी आहे." तर आम्ही दोघी एका ओव्हनकडे बघत बसलो आहोत. कुणी आलं तर आम्हाला वेड लागलंय म्हणेल.

मला तहान लागली आहे. पाणी पाच पावलांवर आहे. घेतलं तर काही बिघडणार नाही, मला माहीत आहे. तरी घेत नाही.

एक विचारू? कागदावर उत्तर देऊ नकोस, मला कागदावरची उत्तरं पुरे झाली. तेलातून काढलेलं पोलाद नुसत्या गरम राहिल्याने का नरमतं? काही न ठोकता, काही न करता, फक्त वेळ देऊन? चार पुस्तकं वाचली, त्यांत शब्द आहेत, मला समजेल असं काही नाही. तू समोर बसून सांगितलंस तर समजेल. मूठ अजून बसवलेली नाही. तिला दोन माणसं लागतात, एक पातं धरायला.

चार वाजून पाच मिनिटं

झालं. बाहेर काढलं. फडक्यात धरलं आहे, अजून चटका लागतो. रंग तपकिरी, एकसारखा, टोकापासून मुठीपर्यंत. आईने हात पुढे केला, मी म्हटलं, गरम आहे, तरी तिने फडक्यावरून डाव्या हाताने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मग उजव्याने.

खडू घेतला आहे. तुझ्या रेघेशेजारी जागा आहे, तू ठेवलीच होतीस.

दादा, मी दोन तास इथून हलले नाही. आता रेघ ओढते.

टाचणी